रूममेट 'आपल्यातली' हवी!



गेल्या महिन्यात आमच्या महबूल्यातल्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या वहिनींकडे, चार मराठी घरांची बैठक जमली होती. बाहेर पारा पन्नासच्या आसपास, आत एसी घरघरतोय, पुढ्यात साबुदाण्याचे वडे. चारही घरांतल्या मुली यंदा बारावी होऊन इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात निघाल्या आहेत. फी, बँकेचा ड्राफ्ट, विमानात किती किलो सामान चालते, लॅपटॉप इथून न्यावा की तिथे घ्यावा, असे सगळे विषय झाले. मग हॉस्टेलचा विषय निघाला आणि वहिनी म्हणाल्या, "बाकी काही असो हो, रूममेट आपल्यातली मिळाली म्हणजे मिटलं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

माझ्या मुलीने तेवढ्यात विचारले, "काकू, आपल्यातली म्हणजे कोण?" काकू गडबडल्या. "अगं, म्हणजे चांगल्या घरची." दुसऱ्या म्हणाल्या, "म्हणजे व्हेज." तिसऱ्या, "गल्फमधली असली तर बरं, तिकडच्या मुली फार टोमणे मारतात." चौथे म्हणजे आमचे घर. आमच्याकडून माझे यजमान म्हणाले, "अभ्यासू असली म्हणजे झालं." चार घरांनी चार व्याख्या दिल्या, पण खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाचवी व्याख्या ठाऊक होती आणि ती कोणी उच्चारली नाही. आपण पुरोगामी लोक आहोत ना! आपल्याकडे आडनाव विचारत नाहीत. आपल्याकडे 'मूळचे कुठले तुम्ही?' असे विचारतात.

हा लेख वहिनींवर नाही. त्या माझ्यापेक्षा प्रामाणिक आहेत.

आधी महबूल्याबद्दल दोन शब्द, कारण अमेरिका-युरोपात राहणाऱ्या वाचकांना हे गाव माहीत नसेल. कुवेत शहराच्या दक्षिणेला, फहाहीलच्या अलीकडे, समुद्राला लागून उभ्या असलेल्या उंच इमारतींचा हा दाट पुंजका आहे. राहणारे जवळजवळ सगळे परदेशी. आमच्यासारखी 'फॅमिली' मंडळी समुद्राच्या बाजूला, आणि आतल्या गल्ल्यांत एकेका खोलीत सहा-आठ जण राहणारे 'बॅचलर'. इथे बॅचलर या शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. ज्याचा पगार बायकोमुलांचा व्हिसा काढण्याइतका नाही, तो चार मुलांचा बाप असला तरी बॅचलर. बकाल्याच्या म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या दारावर 'बेड स्पेस'च्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आणि त्यांत भाड्याच्या आकड्याआधी लिहिलेले असते: फक्त अमुक राज्याचे, फक्त अमुक धर्माचे, फक्त शाकाहारी. आपण त्या वाचतो आणि हसतो. म्हणतो, "बघा, इथे येऊनसुद्धा आपले लोक सुधारले नाहीत!" पण ज्याला अनोळखी सात माणसांसोबत रात्रपाळी करून झोपायचे आहे, ज्याच्या हातात निवडायला एवढी एकच गोष्ट आहे, त्याची चिठ्ठी मी समजू शकते. आपल्या हातात तर सगळे आहे. तरी आपली चिठ्ठी तीच आहे. ती आपण दारावर लावत नाही एवढेच.

आणि वर्गवारी अंगावर आली की कसे वाटते हे महबूल्यात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको. ६ एप्रिल २०२० ला कोविडच्या काळात महबूला आणि जलीब हे दोन भाग कुंपण घालून बंद केले गेले, ते थेट जुलैपर्यंत. त्या तीन महिन्यांत समुद्राकडची फॅमिली आणि गल्लीतले बॅचलर हा भेद पुसला गेला होता. तारेच्या आतले सगळे 'ते लोक' होते. माझी पीएचडी, माझे प्रयोगशाळेचे ओळखपत्र, काही उपयोगाचे नव्हते. तेव्हा आमच्या इमारतीतल्या गप्पांत 'ही वागणूक अमानुष आहे' हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेन! त्याच गप्पा करणारे आम्ही आता मुलींसाठी तारेचे कुंपण शोधतो आहोत.

आणखी एक अवघड गोष्ट सांगते, म्हणजे काही वाचक रागावतील. या चारपैकी तीन मुली ज्या जागांवर चालल्या आहेत त्या 'आखाती देशांतील भारतीय कामगारांची मुले' या वर्गातल्या आहेत. माझी मुलगी त्यांतलीच. आठ आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा, वेगळी यादी, आणि बाकी परदेशस्थांच्या मानाने फीमध्ये सवलत. मी संशोधक, वहिनींचे यजमान तेल कंपनीत मॅनेजर, पण कागदावर आपण सगळे 'कामगार'. एरवी कोणी आपल्याला कामगार म्हटले तर आपल्याला आवडेल का? १२ जून २०२४ ला शेजारच्या मंगफमध्ये कंपनीच्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले, ते कामगार होते. त्यांच्यातल्या कितीजणांची मुले या कोट्यातून इंजिनिअर होणार होती याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणजे कष्ट त्यांचे, नाव त्यांचे, जागा आपली. आणि या जागेवर बसून आपलीच मुले हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात दुसऱ्याला विचारतात, "तू ओपनमधून का कॅटेगरीतून?"

हे मला कसे माहीत? कारण मी विचारले होते.

मी कऱ्हाडकडच्या देशस्थ ब्राह्मण घरातली. पंचवीसएक वर्षांपूर्वी पुण्यात एम.एस्सी.ला असताना मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहिले. पहिल्या वर्षी रेक्टरबाईंनी याद्या लावून खोल्या दिल्या. माझ्या खोलीत जालना जिल्ह्यातली एक मुलगी आली. तिचे नाव लिहीत नाही. पत्र्याची ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव, आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची अशी समज की मी आजपर्यंत थोड्याच लोकांत पाहिली. रात्री एक वाजता ती मला रिअॅक्शनची यंत्रणा बाण काढून समजावायची. मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस खालच्या मेसमधून माझे ताट तिने वर आणले. मी तिला काय दिले? माझ्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणि उच्चार दुरुस्त करण्याचे उपकार.

सत्र सुरू होऊन महिना झाला तेव्हा कॉलेजच्या फलकावर फीमाफीची यादी लागली. नाव, वर्ग, जात, सगळे टाइप करून. त्या दिवसानंतर काही घडले नाही. कोणी काही बोलले नाही. दिवाळीनंतर मात्र घरून आलेले डबे कॉरिडॉरमध्ये फिरले तेव्हा तिच्या डब्यातल्या करंज्या जवळजवळ तशाच परत आल्या. मी एक उचलली. आणि मी ती उचलते आहे हे इतर मुलींना दिसेल याची काळजीही घेतली. माझ्या पुरोगामीपणाची उंची तेव्हा एका करंजीएवढी होती.

दुसऱ्या वर्षी नियम असा की तीन-तीन मुलींनी आपापसांत ठरवून नावे द्यायची. आम्ही दिली. तीन नावे, तीनही आडनावे अशी की तुम्ही वाचताच ओळखाल. तिला आम्ही 'नको' म्हटले नाही. तिला विचारलेच नाही. उरलेल्या मुलींना रेक्टरबाईंनी कॉरिडॉरच्या टोकाला, न्हाणीघराशेजारच्या खोल्या दिल्या, आणि उरलेल्या सगळ्या त्याच फलकावरच्या यादीतल्या होत्या. यात कोणाचा द्वेष नव्हता हो! प्रत्येकीने फक्त आपली आवडती मैत्रीण निवडली. आवडीनिवडीची बेरीज केली की तयार झाला तो गावकुसाचा नकाशा.

पुढचे ऐका, कारण आपल्यासारख्या 'प्रोफेशनल' मंडळींना कळणारी भाषा तीच आहे. त्या दुसऱ्या वर्षीच्या खोलीतल्या एकीचा भाऊ परदेशात पीएचडी करत होता. कोणत्या परीक्षा द्यायच्या, प्राध्यापकाला पत्र कसे लिहायचे, शिफारसपत्र कोणाचे चालते, हे त्याने सुट्टीत आला असताना आम्हा तिघींना चहाच्या टपरीवर तासाभरात सांगितले. कुवेतमधल्या नोकरीची बातमी मला दुसरीच्या नवऱ्याकडून कळली. पुस्तकातले ज्ञान वर्गात सगळ्यांना सारखे मिळत होते. हे दुसरे ज्ञान खोलीतच मिळत होते, आणि न्हाणीघराशेजारच्या खोलीत ते पोचले नाही. ती आता मराठवाड्यात एका कॉलेजात शिकवते असे ऐकते. माझ्यापेक्षा ती चांगली संशोधक झाली असती हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या बायोडेटात त्याची नोंद कुठेही नाही.

आता नेहमीचा आक्षेप येईल: "शाहू महाराजांनीसुद्धा जातवार बोर्डिंगं काढलीच की!" हा आक्षेप इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर सविस्तर देते.

शाहूंनी सुरुवात जातवार वसतिगृहांनी केलेली नव्हती. आधी, १८९६ च्या सुमारास, कोल्हापुरात राजाराम कॉलेजला जोडून सर्वांसाठी खुले वसतिगृह निघाले होते. खुले असूनही ते काही वर्षांत व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचे झाले. दार उघडे होते, पण आतल्या व्यवस्थेत इतरांना जागा नव्हती. ('आमच्याकडे सर्वांना प्रवेश आहे' असे आजही जी मंडळे सांगतात त्यांनी हे वाक्य परत वाचावे.) त्या अनुभवानंतर १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, पुढे १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग आणखी कितीतरी. ज्यांना कोणी खोलीच देत नव्हते त्यांना छप्पर देण्याचा तो मार्ग होता. ज्यांच्याकडे खोल्या होत्या त्यांना वेगळे राहण्याचा परवाना शाहूंनी कधी दिला नाही.

आणि गोष्ट तिथे थांबलीही नाही. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक मुलगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परतल्यावर त्याला शुद्धीसाठी अंघोळ करायला सांगितली, त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, म्हणजे माझ्या कऱ्हाडच्या वेशीवर. १९२४ मध्ये साताऱ्याला जे बोर्डिंग काढले त्यात सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली, एका पंक्तीला. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव दिले गेले. मुलेच दळण-पाणी बघत, मुलेच स्वयंपाकाला हात लावत, मुलेच शेतात राबत. लक्ष्मीबाई पाटील सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. त्यांनी त्या मुलांना रांधून वाढले आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. कऱ्हाडात शाळेत असताना हे आम्ही धड्यासारखे पाठ केले होते. पण भाऊरावांनी मुलांना 'तुम्हाला कोणासोबत राहायला आवडेल?' असा फॉर्म दिला नव्हता, हे त्या धड्यात कोणी सांगितले नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहावरचे आपले पुस्तक लिहिले. दोन गटांचा नुसता सहवास पुरत नाही. समान दर्जा, समान ध्येय, मिळून करायचे काम आणि वरच्यांचा पाठिंबा, हे चार असतील तर पूर्वग्रह कमी होतो, असे त्यांचे म्हणणे. साताऱ्याच्या बोर्डिंगात हे चारही तीस वर्षे आधी होते. नंतरच्या प्रयोगांनी त्यांना बऱ्यापैकी दुजोरा दिला आहे. केपटाऊन विद्यापीठात गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एका खोलीत ठेवल्यावर काय झाले याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: गोऱ्यांच्या मनातले काळ्यांबद्दलचे नकारात्मक ठसे पुसट झाले आणि काळ्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतले यश वाढले. दिल्लीच्या खासगी शाळांत गरीब मुलांसाठी जागा ठेवणे सक्तीचे झाल्यावर श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांचे एकूण गुण घसरले नाहीत, हे गौतम राव यांनी २०१९ मध्ये दाखवले. 'आमच्या मुलीचा अभ्यास बिघडेल' म्हणणाऱ्यांनी हा निबंध मिळवून वाचावा. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट संघ करून केलेल्या प्रयोगात मात्र असे दिसले की एका संघात खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली, आणि केवळ विरुद्ध संघात समोरासमोर आलेल्यांच्या बाबतीत परिणाम उलटा झाला. म्हणजे एका कॉरिडॉरमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहणे पुरत नाही. त्याने उलट बिघडूही शकते.

इथे मला दुसऱ्या बाजूचा, जास्त जड आक्षेप मान्य केला पाहिजे. एका दलित मित्राला हा लेख फोनवर वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्या मुलीचं मन मोठं व्हावं म्हणून आमच्या मुलीने तिच्या खोलीत का राहायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, घरातली पहिली डॉक्टर. सोबतच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून खटला दाखल झाला, आणि त्यांतल्या काहींसोबत तिला सुरुवातीला खोलीत राहावे लागले होते, असे घरच्यांचे म्हणणे. समान दर्जा नाही, वरच्यांचा पाठिंबा नाही, तिथे एका खोलीत राहणे ही शिक्षा होते. दिल्लीच्या एम्समध्ये सुखदेव थोरात समितीला २००७ मध्ये दिसले की दलित-आदिवासी विद्यार्थी त्रासाला कंटाळून वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले होते. त्यांनी मजला बदलला तो जीव वाचवायला, आणि आपण मात्र अगदी सहज म्हणतो, "तेच वेगळे राहतात!"

शिवाय एकत्र राहण्यातून काय उभे राहते हे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार हॉस्टेलने दाखवले आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तिच्या कितीतरी बैठका आणि वाद तिथल्या खोल्यांत झाले. त्या मैत्र्या 'मिश्र' नव्हत्या म्हणून कमी अर्थपूर्ण होत्या का? म्हणून दोन्हीकडच्या 'आपल्यातली हवी'ला मी एकाच तराजूत घालणार नाही. जिला बाहेर ढकलले जाते तिने आपली माणसे शोधणे वेगळे. जी ढकलते तिने 'माझी आवड' म्हणणे वेगळे. माझी मागणी फक्त दुसरीकडे आहे. पहिल्या वर्षी खोल्या चिठ्ठी टाकून द्याव्यात, पण एकाही मुलीला मजल्यावर एकटी पाडू नये, तक्रार ऐकणारे माणूस रेक्टरच्या हाताखालचे नसावे, आणि जिला त्रास होतो तिला चोवीस तासांत खोली बदलून मिळावी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट निवडू देणे बंद केले. आकाश कोसळले नाही.

खाण्याचा प्रश्न राहिला. आयआयटी मुंबईत २०१८ मध्ये मांसाहाऱ्यांनी वेगळी ताटे वापरावीत असा ईमेल फिरला. २०२३ च्या जुलैत हॉस्टेल १२ च्या मेसमध्ये 'फक्त शाकाहाऱ्यांनी बसावे' असे कागद लागले, मग सहा टेबले अधिकृतपणे वेगळी झाली, आणि त्याचा निषेध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच आवारात दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गेला होता, आणि नंतर संस्थेने सूचना काढली होती की एकमेकांना जेईईचा क्रमांक विचारू नका. क्रमांक विचारू नका म्हणणारी संस्था टेबल विचारते! मी स्वतः शाकाहारी आहे. इथे प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये इजिप्शियन, फिलिपिनो, मलयाळी सहकाऱ्यांच्या मध्ये बसून माझी पोळीभाजी रोज खाते. कुवेतींकडे वेगळे टेबल मागायची हिंमत आपल्यातल्या एकाची तरी झाली आहे का? मग ही हिंमत पवईला आणि पुण्याला गेल्यावरच कुठून येते?

आणि पैसा. यावर आपले मंडळ कधी बोलत नाही, कारण तो आपला आहे. खासगी कॉलेजांची माहितीपत्रके आता खोल्यांचे दर हॉटेलसारखे छापतात: एसी, बिनएसी, एकटीची, दोघींची, चौघींची, न्हाणीघर आत किंवा बाहेर. जात विचारण्याची गरजच उरत नाही; भाड्याची पावती ते काम करते. 'इंटरनॅशनल हॉस्टेल' नावाच्या इमारतीत दुबई, मस्कत, कुवेतची मुले एकमेकांत राहतात आणि चार वर्षांनी महाराष्ट्र न बघता परत येतात. इकडे सरकारी बाजूला समाजकल्याणचे वसतिगृह वेगळे, आदिवासी विकासचे वेगळे, ओबीसींचे वेगळे. ती हवीतच, तिथेही मुले रांगेत उभी आहेत. पण ती मुले आणि आपली मुले आता एका न्हाणीघराच्या रांगेतसुद्धा भेटत नाहीत. माझी निदान करंजी उचलण्यापुरती तरी भेट झाली होती.

आपल्यातले पुष्कळजण दरवर्षी आपापल्या जुन्या कॉलेजला देणगी पाठवतात. यंदा चेकसोबत एकच प्रश्न पाठवा: तुमच्या हॉस्टेलमध्ये खोल्या कोणत्या पद्धतीने देता, आणि फीमाफीची यादी अजून फलकावर लावता का? उत्तर आले तर मला कळवा. मी माझ्या हॉस्टेलला पत्र लिहिले आहे, अजून उत्तर नाही.

मुलीच्या फॉर्मवर 'रूममेटबाबत पसंती' असा रकाना होता. यजमान म्हणाले, निदान 'शाकाहारी' तरी लिही, त्यात काय आहे? आमचा अर्धा तास वाद झाला. तोवर मुलीने रकान्यात 'चौघींची खोली, कोणीही' लिहून फॉर्म पाठवूनही दिला होता. मग मला म्हणाली, "आई, त्या जालन्याच्या मावशीचा नंबर आहे का तुझ्याकडे? कॉलेज सुरू व्हायच्या आधी बोलायचं होतं तिच्याशी." नंबर माझ्याकडे नाही. दोन जुन्या मैत्रिणींना विचारला, त्यांच्याकडेही नाही. तिच्या कॉलेजच्या कचेरीत उद्या फोन लावणार आहे.